ट्रॅक्टरचा खांदा

डायनॅमो म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगण्यात माझा धंद्यातला निम्मा वेळ गेला. उरलेल्या निम्म्यात दुरुस्ती झाली. पन्नासच्या दशकात चांद्याला जटपुरा गेटच्या आत माझे दुकान होते. पाटीवर ‘मोटर-ट्रॅक्टरचे वीजकाम’ असे लिहिले होते. शहराला तेव्हा सगळे चांदाच म्हणत आणि गडचिरोली, सिरोंचा हा सगळा मुलूख त्याच जिल्ह्यात मोडत असे. त्या काळात मी नागपूरच्या एका दैनिकाला बातम्याही पाठवीत असे. दैनिकाला आमच्या भागातून वाघ, पूर आणि खून एवढेच हवे असे. डायनॅमोची बातमी त्यांनी कधी छापली नाही. ती इथे देतो.

ज्यांचा या यंत्राशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, गाडीची बॅटरी ही पाण्याच्या टाकीसारखी असते. इंजिन सुरू करताना, दिवे लावताना ती रिकामी होत जाते. ती पुन्हा भरायची कामगिरी डायनॅमोची. इंजिन फिरले की पट्ट्याच्या जोरावर डायनॅमोही फिरतो. त्याच्या पोटात तांब्याचे एक गोल कडे असते आणि त्याला घासत कोळशाचे दोन तुकडे बसवलेले असतात. तयार झालेली वीज कड्यावरून त्या तुकड्यांत उतरते आणि पुढे बॅटरीत जाते. कडे आणि कोळसा यांच्यामध्ये काही घाण आली की वीज उतरत नाही, बॅटरी भरत नाही, आणि गाडीचा मालक माझ्या दुकानात येतो.

मालक येई तो संशय घेऊनच. यंत्र बिघडले यावर कोणाचा विश्वास नसे. कोणी तरी काही तरी केले, असेच प्रत्येकाचे म्हणणे असे. लाकडाच्या ट्रकवाला एक ठेकेदार रिकामी बॅटरी घेऊन आला आणि म्हणाला, “अर्धीच भरा. मूल गावापर्यंतच जायाचं हाय.” मी म्हटले, पूर्ण भरलेली काय वाईट? तो म्हणाला, “उरलेली डायव्हर खाते.” एक गृहस्थ थंडीत बॅटरी घोंगडीत गुंडाळून आणीत आणि काउंटरवर ठेवल्यावरही घोंगडी काढू देत नसत.

या सगळ्यांत लक्षात राहिले ते आत्मारामजी. मूल स्टेशनापासून दोन कोसांवर त्यांचे गाव. धानाची मोठी शेती. लढाईच्या आधी विलायतेतून आलेला एक ट्रॅक्टर कुठल्या तरी लष्करी डेपोत पडून होता, तो त्यांनी लिलावात घेतला. रंग उडालेला, मागची चाके लोखंडी, पेट्रोलवर सुरू करायचा आणि मग मातीच्या तेलावर, म्हणजे रॉकेलवर, चालवायचा. इंजिनात ठिणगी पडायची ती बॅटरीच्या विजेने, त्यामुळे बॅटरी बसली की ट्रॅक्टरही जागीच बसे. तो आला त्या वर्षी आत्मारामजींनी बैलांच्या सगळ्या जोड्या विकल्या. गावात हे कोणाला पटले नाही. घरात तर मुळीच नाही. त्यांची थोरली बहीण ताराबाई नवरा वारल्यापासून माहेरीच होत्या आणि गोठा त्यांच्या ताब्यात होता. बैल गेल्यावर त्या चार दिवस भावाशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी रिकामा गोठा सारवून घेतला आणि ट्रॅक्टर तिथे उभा करायला सांगितले.

ट्रॅक्टर चालवायला मल्लय्या नावाचा माणूस ठेवला होता. तो सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारा. सागवानाच्या ट्रकवर गाडी चालवायला शिकला होता. बोलणे कमी, त्यात हिंदी, मराठी आणि तेलुगू सारख्या भागात. बायकोला आणि लहान मुलीला घेऊन तो गावातच राहत असे.

पहिले बोलावणे दिवाळीनंतर आले. चांदा फोर्ट स्टेशनहून छोट्या रेल्वेगाडीने मूलला उतरलो. तिथे मला न्यायला बैलबंडी आली होती. बैल शेजाऱ्याचे. बंडी हाकणारा सगळा रस्ता त्या बैलांशी बोलत होता. “चला रे बाबू, डॉक्टर आणून राह्यलो तुमच्या भावासाठी.”

आत्मारामजी गोठ्याच्या दारातच उभे होते. त्यांनी राम राम केला आणि लगेच मुद्द्यावर आले.

“मिस्त्री, बॅटरी रिकामी होऊन राह्यली. चनाची जमीन नांगरली तेव्हापासून. मले वाटते ह्यानं वीज कुठी तरी इकली.” मल्लय्या समोरच उभा होता. त्याच्याकडे न पाहता हे वाक्य झाले.

“वीज अशी विकता येत नाही,” मी म्हटले.

“काऊन नाई येत? तुमी चांद्याले बसून इकूनच तं राह्यले.”

मी डायनॅमो काढायला घेतला. या ट्रॅक्टरवर तो इंजिनाच्या बाजूला, बराच वर बसवलेला होता. कोळशाचे तुकडे बदलता यावेत म्हणून डायनॅमोच्या अंगाला खिडक्या असतात आणि त्यांच्यावर पत्र्याची पट्टी असते. इथे ती पट्टी केव्हाच हरवली होती. उघड्या खिडक्यांतून आत पाहिले तर तांब्याच्या कड्यावर काळपट, चिकट थर बसलेला. कोळशाची पूड त्यात कालवली गेली होती. थर मधूनमधून पिवळा होता. ग्रीसही पिवळेच असते, म्हणून मी त्यावर विचार केला नाही. पेट्रोलने धुतले, बारीक काचकागदाने कडे घासले, पुन्हा बसवले. इंजिन सुरू केल्यावर चालकासमोरच्या छोट्या घड्याळाचा काटा भरतीकडे सरकला.

“काय निंघालं?” आत्मारामजींनी विचारले.

“ग्रीससारखं काही तरी.”

“म्हणजे ह्यानं ग्रीस जास्त ठोसलं.”

मल्लय्या म्हणाला, “मी उदर ग्रीस लावत नाही, मिस्त्रीजी. उदर लावायचं नसतं, मालूम है मेरे कू.”

तो खरे बोलत होता. डायनॅमोला ग्रीस देण्याची जागा दुसऱ्या टोकाला असते आणि ती कोरडी होती. मी तसे सांगितले. आत्मारामजींनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ ‘पटले’ असा नव्हता.

दुसरे बोलावणे पुढल्या वर्षी, रोवणा म्हणजे धानाची लावणी आटोपल्यावर आले. निरोप घेऊन आलेल्या माणसाकडून सविस्तर वृत्तांत कळला. पंधरा दिवस चिखलणी जोरात चालली होती. शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, ट्रॅक्टर बंद पडला. बॅटरीत काहीच उरले नव्हते. हँडल मारून पाहिले, इंजिन उठले नाही. चाके चिखलात रुतत गेली. शेवटी शेजाऱ्याच्या दोन जोड्या आणून ट्रॅक्टर ओढून काढावा लागला. हे पाहायला गाव लोटला होता. शेजाऱ्याने मदतीबद्दल काही मागितले नाही. फक्त बैलांना थोपटत म्हणाला, “आत्मारामजी, याले काय खाऊ घालता तुमी? आमचे तं कुटारावर काम करते.”

मी पोचलो तो पोळ्याचा आदला दिवस होता. गोठ्याबाहेर बरीच माणसे बसलेली दिसली. मल्लय्या एका बाजूला उभा होता. त्याच्याजवळ कोणी बसले नव्हते.

डायनॅमो काढला. आत तोच चिकट थर, या खेपेला जास्त. एक तार सुटली होती, ती झाळायला मी झाळकामाची सळई निखाऱ्यात तापवून टेकवली. त्याबरोबर गोठाभर शिऱ्यासाठी रवा भाजतात तसा वास सुटला. बाहेरच्या दोघातिघांनी माना वळवल्या. मी त्या थराचा थोडा भाग पांढऱ्या चिंधीवर घेतला. चिंधी पिवळी झाली. ग्रीसची नव्हे, हळदीची पिवळी.

“हळद हाय ना?” आत्मारामजी माझ्या खांद्यावरून पाहत होते.

“हळदच दिसते. आणि तूप.”

“गेल्या साली पण होती?”

“पिवळं काही तरी होतं. हळद असेल.”

विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायचे ही वार्ताहराची सवय. ती त्या दिवशी कामाची नव्हती. आत्मारामजींनी चिंधी हातात घेतली, बाहेर गेले आणि बसलेल्या मंडळींना दाखवली. मग मला कळले की मंडळी कशाला जमली होती. ट्रॅक्टर बैलांनी ओढला त्याच दिवशी आत्मारामजी शेजारच्या गावी एका जाणत्याकडे जाऊन आले होते. जाणत्याने तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितले होते की यंत्रावर करणी आहे, करणारा घरच्याच मिठाचा आणि नदीपलीकडचा आहे. आमच्या जिल्ह्यात कोणीही कोणत्या ना कोणत्या नदीपलीकडचा असतो. पण त्या घरात तसा एकच होता. त्यात सिरोंच्याकडच्या लोकांना मंत्र येतात, असा आमच्याकडे सार्वत्रिक समज. मल्लय्या एकटा असला की तेलुगूत गुणगुणतो, हे आता दोघांना आठवले.

“गाणं म्हणतो मी,” मल्लय्या म्हणाला.

“गान्यात काय म्हणते?” एकाने विचारले.

मल्लय्याने सांगितले की मामाच्या गावी चिंचा लागल्या आहेत, असे म्हणते. यावर कोणाचा विश्वास बसला नाही. चिंचांसाठी इतके दिवस कोण गाते, असे एकाचे मत पडले.

“मिस्त्री,” आत्मारामजी म्हणाले, “यंत्राच्या पोटात हळद आपोआप जाते का?”

“आपोआप जाणार नाही. कोणी तरी लावली असली पाहिजे. पण याच्यासाठी करणीच...”

“बस, तेवढंच.”

मल्लय्याने आणखी काही ऐकले नाही. तो घरी गेला आणि पत्र्याची पेटी घेऊन रस्त्याकडे निघाला. बायको आणि मुलगी मागून चालल्या होत्या. संध्याकाळची प्रवासी मोटर मूलकडे जाते, ती धरायची होती. हातची नोकरी गेली तर दुसरी मिळते. ट्रकवर तर त्याला कोणीही ठेवले असते. पण करणीचे नाव माणसाच्या आधी पुढच्या गावी पोचते. त्या नावाने आमच्या भागात माणसांची काय गत होते, हे मी बातम्या पाठवीत असल्यामुळे मला ठाऊक होते. ते मल्लय्यालाही ठाऊक असावे. तो भरभर चालत होता.

मी डायनॅमो बसवला. दुसरे काय करावे ते सुचत नव्हते. पट्टा ताणून बसवत होतो तेव्हा ताराबाई आल्या. हातात वाटी, वाटीत कढवलेले तूप आणि हळद, दुसऱ्या हातात पळसाची पाने. बाहेर बसलेल्या मंडळींकडे त्यांनी पाहिले नाही. मला म्हणाल्या, “सरका जी थोडेसे.” मी सरकलो. त्यांनी पळसाचे पान तुपात बुडवले आणि मी नुकत्याच धुऊन बसवलेल्या डायनॅमोवर चांगले चोळले. तूप खिडक्यांतून आत उतरले. मग त्यांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाचा खांदा शेकतात. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्याला पळसाच्या पानाने हळद-तूप लावतात आणि उद्याच्या पुरणपोळीचे आवतण याच शब्दांत देतात. गोठ्याबाहेर बसलेल्या प्रत्येकाने त्या संध्याकाळी घरी जाऊन हेच करायचे होते.

आत्मारामजी पुढे आले.

“बाई, हे काय करून राह्यली तू?”

“दिसत नाई का? खांद शेकून राह्यली.”

“याची?”

“मंग कोनाची? गोठ्यात दुसरा कोन ठेवला तू?”

“हे आजच केलं का पयलेपासून?”

“आनला तेव्हापासून. जास्त काम झालं का संध्याकाळी लावत असतो. तुमी कोनी पाहत नाई, त्याचा खांदा कसा तापते. दिवाळीनंतर हात लावला तं भाजला. रोवन्यात तं ईचारूच नोको. बैलाचा सुजला का अस्साच तापते.”

यात चूक काढणे कठीण होते. दिवसभर फिरलेला डायनॅमो तापतोच. तो ट्रॅक्टरच्या मानेमागे, वर उचलून बसवलेला. जनावर म्हणून पाहिले तर खांदा तिथेच असणार. आणि तापलेल्या अंगावर लावलेले तूप पातळ होऊन आत जाणार, हेही ओघानेच आले. जितके काम जास्त, तितके तूप जास्त. मी इतके दिवस बिघाडाचे कारण कामाच्या ताणात शोधत होतो आणि एका अर्थी ते तिथेच होते.

“तं मले सांगतलं काऊन नाई?” आत्मारामजींनी विचारले.

“बैलाले तूप लावलं हे कवा सांगत होती का मी तुले?”

“अवो, त्याच्यानंच तं बंद पडला तो. लोक करनी म्हनून राह्यले.”

“कोन लोक?”

लोक तिथेच बसले होते. त्यांच्यापैकी कोणी हात वर केला नाही.

“करनीले घरचं तूप लागते का?” ताराबाईंनी सगळ्यांना मिळून विचारले. “लिंबू लागते, बिबा लागते. हे म्हशीचं लोनी कढवलं मी. इतकं तूप कोन घालते रे दुश्मनाले?”

हा मुद्दा सगळ्यांना एकदम पटला. ज्याने चिंचांबद्दल मत दिले होते तो म्हणाला की तुपाची करणी त्याने तरी कधी ऐकली नाही आणि आपण मघाशीच हे बोलणार होतो.

आता प्रश्न माझा होता. ताराबाईंनी डायनॅमोला तूप लावणे थांबवायला हवे होते. मी त्यांना कडे आणि कोळसा समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “ते सारं असन. पन ओझं तोच वाहते ना? मंग दुखन नाई का?”

“बाई, तो ओझं वाहत नाही. तो फक्त वीज करतो.”

“मंग नांगर कोन वढते?”

मी त्यांना ट्रॅक्टरच्या मागे नेले आणि नांगर जोडायचा लोखंडी आकडा दाखवला. सगळा जोर इथे येतो, असे सांगितले. त्यांनी आकडा हाताने चाचपला. नांगराच्या ओढीने तो झिजून चकचकीत झाला होता.

“म्हंजे याचा खांदा मांगं हाय?”

“हो.”

“उलटाच हाय बापा हा,” त्या म्हणाल्या. पण झीज त्यांच्या हाताला लागली होती. त्यांनी पळसाचे नवे पान घेतले आणि उरलेले तूप आकड्याला चोळले. आकड्याला तुपाने काही होत नाही. उलट गंज चढत नाही. त्यानंतर बरीच वर्षे मी तो ट्रॅक्टर पाहिला. त्याचा आकडा जिल्ह्यातल्या कोणत्याही ट्रॅक्टरपेक्षा चांगल्या स्थितीत होता.

वाटी रिकामी झाल्यावर ताराबाईंनी मल्लय्या कुठे आहे असे विचारले. आत्मारामजींनी सांगितले.

“उद्या पोया,” त्या म्हणाल्या. “याले तोरनाखाली कोन नेईन? तू?”

पोळ्याला गावातले सगळे बैल सजवून तोरणाखाली नेतात. आत्मारामजींना ट्रॅक्टर सुरू करता येत नव्हता. पण त्यांची अडचण ती नव्हती. ज्याला सगळ्यांसमोर घालवून दिले त्याला परत कसे आणायचे, हे त्यांना माहीत नव्हते. मालकाने गड्याची माफी मागायची रीत आमच्याकडे नाही, त्यामुळे तिचे शब्दही नाहीत. ते निघाले. मलाही तीच मोटर धरायची होती, म्हणून डायनॅमोत गेलेले तूप घाईघाईने पुसून, हत्यारांची पिशवी घेऊन मी त्यांच्या मागून गेलो. माझ्यामागून मंडळी निघाली. रस्ता जवळच होता.

मल्लय्या मोहाच्या झाडाखाली पेटीवर बसला होता. मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. इतकी माणसे येताना पाहून तो उभा राहिला आणि बायकोला मागे घेतले. आत्मारामजी त्याच्यासमोर जाऊन थांबले. मी बाजूने पाहत होतो. ते दोनदा बोलायला गेले आणि थांबले. मग त्यांना जे शब्द आठवले ते बोलले.

“आज आवतन घ्या,” आत्मारामजी म्हणाले, “उद्या जेवाले या.”

मागे कोणी तरी हसायला सुरुवात केली आणि थांबले.

मल्लय्या आमच्या भागात पुरेसा राहिला होता. त्याने मालकाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“ये बैल कू बोलते ना, मिस्त्रीजी?”

“हो,” मी म्हटले. “हळद कोणी लावली ते सापडलं. ताराबाईंनी. खांदा दुखतो म्हणून.”

त्याने बायकोला तेलुगूत काही सांगितले. तिने तोंडाला पदर लावला. पदराआड ती हसत होती की रडत होती हे मला दिसले नाही, म्हणून लिहीत नाही. मल्लय्या मात्र हसला नाही.

“मग खांदा पयले शेकते,” तो म्हणाला. “आवतण बाद में देते. मेरा खांदा तो किसी ने देखा नहीं.”

बरोबर होते. क्रम तसाच असतो. आत्मारामजींनी मान खाली घातली. लांबून मोटरीचा आवाज येऊ लागला. मल्लय्याने पेटीची कडी धरली. तेवढ्यात आत्मारामजी खाली वाकले, त्यांनी ती कडी त्याच्या हातातून घेतली, पेटी उचलून आपल्या खांद्यावर ठेवली आणि गावाकडे चालायला लागले. पेटी जड होती. ते तिरके चालत होते, पण पेटी त्यांनी दुसऱ्या कोणाला घेऊ दिली नाही. मल्लय्या काही वेळ जागेवरच होता. मग त्याने मुलीला कडेवर घेतले.

मोटर आली, थांबली. चढणारा मी एकटाच होतो.